पाचवं भोक

पाणसळीच्या नळीतला बुडबुडा, अगदी मधोमध.

खांबाशी गळून पडलेलं गोणपाट.

गाडीचा उजवा दिवा, लुकलुकणारा.

गवतात विखुरलेले पाव. काही अजून गरम.

डाव्या पायातली एक चप्पल.

चार भोकं.

मित्रांनो, या सगळ्या वस्तू एकाच गोष्टीतल्या आहेत आणि ती गोष्ट माझी आहे. मी एक जुना बाणफलक आहे. पिवळा पत्रा, त्यावर काळा जाड बाण. अवघड वळणावर उभं राहायचं आणि रस्ता कुठे वळतो ते गाडीवाल्याला दाखवायचं, एवढंच माझं काम. मला तोंड नाही. जे सांगायचं ते मी त्या एका खुणेनेच सांगतो.

रस्तेदुरुस्तीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा कापून त्याच्या चार कोपऱ्यांना चार सारखी भोकं पाडली. मग रंगकाम करणाऱ्या मावशींनी माझ्या अंगावर चमकणारा कागद चिकटवला. लाकडी पट्टीने हवेचा एकेक फुगा कडेला सारत त्या पुटपुटत होत्या, "सुरकुती राहिली तर सगळे मलाच नावं ठेवतील." डोंगरातल्या त्या वळणासाठी माझ्यासारखे तिघं मंजूर झाले होते. गेलो मी एकटा.

जागा मोठी विचित्र होती. वरून उतरणारा रस्ता माझ्यासमोर येऊन डावीकडे वळायचा. उजवीकडेही एक रस्ता दिसायचा, पण तो जुना होता. दरड कोसळून पुढे पन्नास पावलांवर तो तुटला होता आणि त्याखाली दरी होती. त्याच्या तोंडाशी दगड भरून तीन पिंपं ठेवली होती. दगड उपसून दोन कोणीतरी पाण्यासाठी नेली. तिसरं पावसात गडगडत गेलं. मग दरी आणि गाड्या यांच्यामध्ये फक्त मी उरलो.

अकरा वर्षं मी डावीकडे बोट दाखवत उभा राहिलो. ऊन खाल्लं, वारा सोसला. धुक्यात माझा पिवळा रंग तेवढा दिसायचा. पावाची गाडी चालवणारे तात्या रोज सकाळी माझ्यापाशी आले की हॉर्न दोनदा हलकेच वाजवायचे. तो रामराम मला कळायचा. मग माझा कागद सोलवटला, बाण फिका पडला. मुकादम, म्हणजे रस्त्याच्या टोळीचे प्रमुख, मला उतरवून कारखान्यात घेऊन गेले.

मी तिकडे असताना काय घडलं, ते मला नंतर खांबाने सांगितलं. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाडी आता त्यांची लेक चालवणार होती. तिला रस्ता दाखवायला ते एकदा सोबत आले आणि त्यांनी रिकाम्या खांबापाशी गाडी थांबवायला सांगितली.

"इथे एक पाटी असते," तात्या म्हणाले. "रंगवायला नेलेली दिसते."

"मी वळणं लिहून घेऊ का, बाबा?"

"वही काय धुक्यात वाचणार आहेस? ती पाटी बघायची. ती दाखवेल तिकडे वळायचं. इथे आपलं डोकं लावायचं नाही."

"हे बरंय. घरी म्हणता डोकं लाव, इथे म्हणता लावू नको."

तात्या हसले. खांब म्हणतो, तो हसण्याचा आवाज त्याला अजून आठवतो.

आठवडाभराने मी नवा होऊन परत आलो. मुकादम मोठे काटेकोर होते. नव्या कागदावर ओरखडा नको म्हणून ते फलक गोणपाटात शिवून आणायचे आणि शेवटचा बोल्ट आवळल्याशिवाय ते काढायचे नाहीत. त्यांनी मागून चारही बोल्ट घट्ट केले. पुढे येऊन गोणपाट ओढलं. मी सरळ बसलोय का ते बघायला माझ्या वरच्या कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला. दोन पावलं मागे सरून त्यांनी मला डोळे भरून पाहिलं.

"सुतासारखा बसलाय," ते म्हणाले.

मित्रांनो, मी खरंच सुतासारखा सरळ बसलो होतो. फक्त उलटा बसलो होतो. भोकं चारही सारखी होती, त्यामुळे बोल्टांना काही कळलं नाही. माझा बाण उजवीकडे, तुटलेल्या रस्त्याकडे दाखवत होता. मुकादमांना तो रस्ता इतका पाठ होता की त्यांना तिथे जे असायला हवं तेच दिसलं.

पुढचे चार दिवस आकाश स्वच्छ होतं. शंभर तरी गाड्या गेल्या. सगळ्या बरोबर डावीकडे वळल्या, कारण त्या रस्ता बघून वळत होत्या, मला बघून नव्हे. मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत राहिलो, कोणीतरी एकदा माझ्याकडे बघा.

एका बाईने पाहिलं. ती ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी बसली होती.

"अहो, ही पाटी तिकडे का दाखवतेय?"

"दाखवू दे. आपल्याला रस्ता पाठ आहे."

"आपल्याला आहे हो. नवख्याचं काय?"

"खाली चौकीवर सांगू. तू डबा उघड."

चौकीवर सांगितलं असतं तर मुकादम तासाभरात आले असते. ते आले नाहीत.

पाचव्या सकाळी धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. वरून एक गाडी अगदी सावकाश आली. पावाचा वास आला आणि मी ओळखलं. तात्यांच्या लेकीची ही एकटीची पहिलीच फेरी होती. तिने हॉर्न दोनदा हलकेच वाजवला, वडिलांसारखा. माझ्यासमोर ती जवळजवळ थांबली. काचेला नाक लावून तिने माझा बाण पाहिला. मग उजवा दिवा लावला.

तिने वेग वाढवला नव्हता. एकही नियम मोडला नव्हता. तिने फक्त माझं ऐकलं.

पन्नास पावलं.

उतारावरच्या एका झाडाने गाडी अडवली, म्हणून ती वाचली. डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग मात्र डॉक्टरांना काढावा लागला.

धुकं विरल्यावर मुकादम धावत आले. माझ्याकडे पाहिलं आणि मागून येणारी गाडी हात करून थांबवली. नंतर तात्या आले, कोणाच्या तरी हाताला धरून. त्यांनी बोटांनी माझ्या कागदावरचा बाण चाचपला, टोकापर्यंत.

"मीच म्हणालो होतो तिला, पाटी दाखवेल तिकडे वळ."

"तात्या, चूक माझी आहे."

"पाणसळ लावली होतीस?"

"लावली होती. बुडबुडा मधोमध होता. बाण बघितलाच नाही मी."

तात्या म्हणाले, "हे मला नको सांगूस. तिला येऊन सांग."

मुकादमांनी तेव्हाच माझ्या बाणावर गोणपाट बांधलं आणि तुटलेल्या रस्त्याच्या तोंडाशी दगड रचले. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तिथून ते थेट माझ्याकडे आले. मला सरळ केलं. मग गिरमिट घेऊन माझ्या वरच्या कडेला, मधोमध, पाचवं भोक पाडलं आणि त्यात पाचवा बोल्ट आवळला. आता मला उलटं धरलं तर खांबावरचं भोक जुळत नाही. त्यानंतर त्यांच्या टोळीने बसवलेल्या प्रत्येक बाणफलकाला पाच भोकं आहेत. फलक बसवला की मुकादम गाडी वर नेतात आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या रस्त्याला आल्यासारखे सावकाश खाली उतरतात.

तात्यांची लेक पुढे एकदाच आली. कुबडीवर रेलून माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "आता बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. कडांना गंज चढला आहे. माझं एकच मागणं आहे. तुम्हाला रस्ता कितीही पाठ असला तरी जाता-येता आमच्याकडे एकदा बघत जा. एखादा फलक वाकलेला, झाडीत झाकलेला किंवा चुकीचा दिसला, तर तिथल्या तिथे कोणाला तरी कळवा. खाली गेल्यावर सांगू, असं म्हणू नका. आम्ही तुमच्यासाठी नसतोच. तुमच्या मागून कोणी नवखा येत असतो, त्याच्यासाठी असतो.

मला नवा कागद लावला त्या दिवशी मावशींनी हातात खडू घेऊन विचारलं होतं, "मुकादम, याच्या पाठीवर 'वर' असं लिहू का?" मुकादम गोणपाट शिवत होते. मान वर न करता ते म्हणाले होते, "राहू द्या हो मावशी, एवढं कळतं आम्हाला."