झाकोळ कधी लवकर येत नाही

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटते. पण तोंड दाखवणं हेच माझं काम, करणार काय? तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात, चपला ठेवायच्या फळीच्या वर, मला टांगलंय. येता-जाता तुम्ही माझ्याखालची पाटी वाचता आणि खुदकन हसता. हसा बापडे. ती पाटी तिथे कशी आली, ते आज सांगून टाकतो.

तुमच्या मनगटांवर आता आपोआप जुळणारी घड्याळं आली, त्यामुळे जुनी रीत तुम्हाला ठाऊक नसणार. आपल्या या चंद्रावर सूर्य महा आळशी. एकदा उगवला की आठ फेरे बुडत नाही, आणि बुडला की आठ फेरे उगवत नाही. फेरा म्हणजे माझा छोटा काटा एकदा पूर्ण फिरतो तेवढा वेळ. तेवढ्यात माणसं उठतात, कामं करतात, जेवतात, झोपतात. असे सोळा फेरे झाले की एक महिना. आकाशातला तो भला मोठा पिवळा ग्रह, आपला थोरला, तर जागचा हलतसुद्धा नाही. मग वेळ कळायची कशी? आकाश ती महिन्यातून एकदाच सांगतं. उजेडाच्या बरोबर मधोमध, चौथा फेरा संपता संपता, सूर्य थोरल्याच्या मागे जातो आणि दोन तास काळोख पडतो. तो झाकोळ. त्या क्षणी माझे दोन्ही काटे वर, एकावर एक, असायला हवेत.

हवेत म्हणतो. असायचे नाहीत.

मला घडवलं ते तलावाकाठच्या घड्याळजीने. हाताने सोनं, तब्येतीने तोळामासा. धक्क्यावरच्या तिकीटघरासाठी त्याने मला बनवलं, तेव्हा गावात दुसरं मोठं घड्याळ नव्हतं. माझी चाकं त्याने स्वतः कापली, तबकडीवर आकडे स्वतः काढले. फक्त लंबकाची दांडी जरा लांब झाली. दांडी लांब असली की घड्याळ रेंगाळतं. खालची चकती वर चढवून त्याने ते सावरायला बघितलं, पण चढवता चढवता मळसूत्रच संपलं. दर महिन्याला मी नऊ मिनिटं मागे पडायचो ते पडायचोच. दांडी थोडी कापली असती तर मी सुधारलो असतो. त्यासाठी मला भिंतीवरून उतरवावं लागलं असतं, आणि तेव्हा घड्याळजी खोकल्याने अंथरुणाला खिळला होता. त्याने बायकोला हळूच सांगितलं, की दर झाकोळाला नऊ मिनिटं पुढे कर, बोलू नकोस कोणाला, पुढच्या उजेडात मी दांडी कापतो. पुढचा उजेड त्याने बघितला नाही.

त्याची बायको म्हणजे तिकीटघरातल्या काकू. साऱ्या गावाच्या काकू. तिकिटं फाडायच्या, दर फेऱ्याला भिंतीवरच्या सोळा खुंट्यांच्या पाटीवरची कडी एक खुंटी पुढे अडकवायच्या, आणि झाकोळ आला की माझी मिनिटं सरकवायच्या. झाकोळात गार पडतं, म्हणून सगळं गाव दारं लावून जेवायला बसतं. धक्क्यावर काकू एकट्या. स्टूल ओढायच्या, चष्मा पुसायच्या, माझी काच उघडायच्या आणि मोठा काटा बोटाने नऊ मिनिटं पुढे न्यायच्या. मग पदराने काच पुसून खाली उतरायच्या. असे चारशे महिने त्यांनी काढले. एकदाही कोणाला पत्ता लागला नाही.

आणि माझं काय झालं म्हणता? मी फुगलो. गावात कोणी वेळेवर आलं की लोक म्हणायचे, अगदी धक्क्यावरच्या घड्याळासारखा आहेस हो. तलाव समितीचे अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणायचे, चारशे महिन्यांत एका मिनिटाची चूक नाही म्हणायचे. काकू खिडकीआड मान खाली घालून तिकिटं मोजत बसायच्या. मी मात्र ऐटीत टोले द्यायचो. मित्रांनो, दुसऱ्याच्या बोटाने चालत होतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. आठवलं की आजही लंबक गळून पडावा असं वाटतं.

काकूंचा धाकटा भाऊ नाव चालवायचा. त्याला सगळे मामा म्हणत. काकूचा भाऊ मामा कसा, असा प्रश्न कोणाला पडला नाही. अंगाने आडदांड, बोलायला मोजका. उजेडात तलाव मोकळा असतो तेव्हा नाव, अंधारात गोठतो तेव्हा घसरगाडी, दोन्ही त्याच्याकडे. सूर्य टेकला की अंधाराकडचा वारा सुटतो आणि बघता बघता पाण्यावर साय धरते. साय म्हणजे कोवळं बर्फ. नाव अडकेल एवढं जाड, माणूस पेलेल एवढं नाही. ती धरायच्या आत नाव पलीकडे पोचायला हवी. म्हणून माझ्या तबकडीवर लाल खूण होती. आठव्या फेऱ्यात छोटा काटा त्या खुणेवर आला की शेवटची नाव सोडायची, आधी नाही. आधी सोडली तर माझ्या भरवशावर घरून निघालेली माणसं काठावर राहतील. आणि सूर्य इतका सावकाश बुडतो की तासाभराचा फरक डोळ्यांना कळत नाही.

एका महिन्यात काकू आजारी पडल्या. पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात त्यांना नेलं ते तीन महिने तिथेच. तापात त्या बडबडायच्या, नऊ मिनिटं, नऊ मिनिटं. दवाखान्यातल्यांना वाटलं, बाई औषधाची वेळ विचारतेय.

तिकीटघरात समितीने बदली कारकून बसवला. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं. पहिला झाकोळ आला तेव्हा माझे काटे वर पोचायला नऊ मिनिटं बाकी होती. कारकुनाने आकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं: झाकोळ नऊ मिनिटं लवकर. दुसऱ्या महिन्यात त्याने लिहिलं: झाकोळ तेवीस मिनिटं लवकर. काकू मला तेलही घालत, ते आता कोण घालणार? चाकं सुकली, मी आणखीच रेंगाळू लागलो. तिसऱ्या महिन्यात: झाकोळ एक्केचाळीस मिनिटं लवकर. त्याने ते अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष म्हणाले, हल्ली सगळ्याचाच काही भरवसा राहिला नाही. गावभर चर्चा झाली की झाकोळाला काय झालंय, वेळ पाळत नाही मेला. मित्रांनो, लोक आकाशाला नावं ठेवत होते आणि मी टिकटिकत होतो. घड्याळाला बोलता येत नाही हे खरं. पण खरं सांगू? आलं असतं तरी मी बोललो नसतो.

त्याच तिसऱ्या महिन्याचा आठवा फेरा. नावेत नऊ माणसं बसली होती. तुमच्या मास्तरीणबाईही होत्या, तेव्हा तरुण, नव्या पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर. मामाने दोर सोडायला घेतला, थांबला, कोपर चोळलं. कारकुनाला म्हणाला, अंगाला वारा लागतोय, निघू का? कारकुनाने माझ्याकडे बोट केलं. लाल खुणेला पाऊण तास बाकी होता. मामाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दोर पुन्हा गुंडाळून गप्प बसून राहिला.

ती नजर मी विसरलो नाही. त्याच्या अंगाला खरं कळलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं.

पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर असताना साय धरली. नाव अडकली, फळ्या करकरल्या. मामाने वल्ही बर्फावर आडवी टाकली आणि एकेकाला त्यावरून सरपटत काठाला नेलं. नऊच्या नऊ जिवंत पोचले. पण मास्तरीणबाईंचा उजवा पाय साय फुटून पाण्यात गेला आणि त्याची बोटं गारठून कायमची गेली. नाव तिथेच चुरडली.

समितीची बैठक झाली. कोणी म्हणालं, मामा पलीकडे जाताना रमतगमत गेला असेल. कोणी म्हणालं, उशिरा सोडली असेल. कारकुनाने शपथेवर सांगितलं, की काटा लाल खुणेवर होता तेव्हाच सोडली. मग चूक कोणाची? घड्याळाची तर शक्यच नाही. शेवटी मामाच उठला आणि म्हणाला, घड्याळ बरोबर होतं, माझेच हात कमी पडले. त्याचं काम गेलं. ज्या माणसाने नऊ जीव वाचवले तो पलीकडच्या काठावर बर्फ फोडायला जाऊ लागला. मी मामाला मामा बनवलं, असं कोणी म्हणालं तर मला मान खाली घालावी लागेल.

अंधारातच काकू घसरगाडीने परत आल्या. वाळून काडी झालेल्या. भावाचं कळलं तशा तडक तिकीटघरात आल्या आणि त्यांनी वही उघडली. नऊ. तेवीस. एक्केचाळीस. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्याकडे बघेनात. मला वाटत होतं, बघा हो एकदा, दोन शिव्या तरी घाला. त्यांची अडचण मला कळत होती. बोललं तर गेलेल्या नवऱ्याच्या हाताला बट्टा लागणार. गप्प बसलं तर जिवंत भावाच्या तोंडाला काळं फासलेलंच राहणार.

उजेड आला. काकू दारोदार गेल्या आणि सांगत सुटल्या, या झाकोळाला जेवायला बसू नका, धक्क्यावर या. लोक कुरकुरले, पण आले. अध्यक्ष लोकरी टोपी घालून आले. मास्तरीणबाई काठी टेकत आल्या. मामा सगळ्यात मागे, हात काखेत घालून उभा. काकू स्टुलाजवळ उभ्या राहिल्या, पण चढल्या नाहीत. सूर्याची शेवटची कड थोरल्यामागे गेली, काळोख पडला. कारकुनाने माझ्यासमोर कंदील धरला. माझे काटे वर पोचायला तासभर बाकी होता.

"हे घड्याळ मागे पडतं," काकू म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासून पडतं. ह्यांनी जाताना मला सांगितलं होतं. चारशे महिने मी ते पुढे करत आले, आणि तुम्हाला बोलले नाही. ह्यांच्या नावासाठी."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि विचारलं, की मग झाकोळ लवकर येत होता त्याचं काय?

"झाकोळ कधी लवकर येत नाही हो," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाने नाव वेळेवर सोडली नाही, कारण त्याला वेळ खोटी सांगितली. ती याने सांगितली आणि मी."

मित्रांनो, काळोखात शे-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. तोवर मला बघितलेलं आवडायचं.

मामा पुढे आला. मला वाटलं, आता हा माझी काच फोडणार, आणि फोडली असती तर बरं झालं असतं. तो बहिणीजवळ थांबला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या अंगाला कळलं होतं गं. मी याच्याकडे बघितलं आणि गप्प बसलो."

काकूंनी त्याचा हात धरला आणि चारचौघांत रडल्या. अध्यक्ष काहीतरी पुटपुटले, ते माफीसारखं होतं. पुढच्या उजेडात मामाला नवी नाव मिळाली. मास्तरीणबाईंना पायाची बोटं मिळाली नाहीत. आणि गावातली टवाळ माणसं बरेच दिवस रेंगाळणाऱ्या पोराला घड्याळजीचं घड्याळ म्हणत राहिली. काकू ऐकून घेत. भावाचं नाव वर आलं, नवऱ्याचं खाली गेलं, आणि दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने केलं.

मला मोडीत काढायचं ठरलं होतं. मास्तरीणबाईंनीच मागून घेतलं. नव्या घड्याळजीने दांडी कापून देतो म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. मागे पडू दे, पोरं महिन्यातून एकदा वर तरी बघतील. मला इथे टांगलं, तेव्हा मामा नावेचं नाव रंगवायचा कुंचला घेऊन आला आणि ही पाटी रंगवून गेला: हे घड्याळ मागे पडतं. आधी वर बघा. त्याचं अक्षर वाकडंतिकडं आहे, मान्य आहे. पण माझ्याविषयी इतकं खरं त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं.

मास्तरीणबाई आता थकल्यात. व्हरांड्यातून जाताना एक पाऊल नीट पडतं, एक घासतं. मी वेळ चुकवतो, पण ते पाऊल ओळखायला चुकत नाही. त्या खालून जाताना दर खेपेला वर बघून हसतात. त्या हसण्याने मला शरमेने अर्धं व्हायला होतं.

म्हणून एक मागणं आहे. तुमची चूक कोणीतरी गुपचूप सावरत असेल. आई असेल, आजोबा असतील, बाकावर शेजारी बसणारी मुलगी असेल. वाहवा होईल तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवा. ते माझ्याने झालं नाही.

काकू आता अठराशे महिन्यांच्या आहेत. परवापर्यंत दर झाकोळाला काठी टेकत इथे यायच्या. आता त्यांना स्टुलावर चढवत नाही. मागच्या झाकोळाला कोणीच आलं नाही, त्याच्या आधीच्याही नाही. मी या घटकेला अठरा मिनिटं मागे आहे, आणि हे मी स्वतःहून सांगतोय. पुढच्या झाकोळाला तुमच्यापैकी कोणीतरी या. स्टूल फळीमागे आहे. आणि जाताना काकूंच्या घरावरून जा, त्यांना सांगा, की आज आम्ही पुढे केलं.