धाकट्यानं आवळलेला नट

"चौदा मिनिटं चाळीस सेकंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि घड्याळावरची नजर काही त्यांनी काढली नाही. काढली असती तर दादामिस्त्रीकडे बघावं लागलं असतं.

अट बारा मिनिटांची होती. सहा माणसं बसवून खाडीपलीकडून दवाखान्याच्या धक्क्याला जी होडी बारा मिनिटांत येईल, तिला रुग्ण आणायचं काम. दुसरी होडी नवीकोरी, नव्या इंजिनाची. ती सकाळीच अकरा मिनिटांत येऊन गेली होती. बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि विषय संपला.

दोर धरून उभा असलेला धाकटा भाऊ खाली वाकून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, दादा. म्हातारी थकली आता. किती ओढायची तिला?"

म्हातारी म्हणजे वडिलांच्या वेळचं चाळीस घोड्यांचं इंजिन. धक्क्यावर सगळे तिला याच नावानं ओळखत. दादामिस्त्रीनं इंजिन बंद केलं. दोन वर्षं त्यानं या कामासाठी उंबरठे झिजवले होते. त्याची बायको याच पाण्यावर गेली होती. दुसऱ्याच्या रडतखडत चाललेल्या होडीत, दवाखान्याचं छप्पर समोर दिसत असताना. म्हातारी त्या दिवशी वर्कशॉपात सुटी होऊन पडली होती. मिस्त्रीच्या घरचं इंजिन कायम सगळ्यात शेवटी दुरुस्त होतं, त्याला कोण काय करणार! त्या होडीत बायकोचं डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं, आणि पाय याच्या.

वर्कशॉपात आणून त्यानं इंजिन पुन्हा स्टँडला टांगलं. आठ दिवस हेच चाललं होतं. एकटा बसून निघालं की म्हातारी बरी चालायची. माणसं भरली की होडी नाक वर करून नुसतं पाणी ढकलत राहायची, पोट काही पाण्यातून सुटायचं नाही. त्यानं टाकी धुतली, पेट्रोलची नळी बदलली, फिल्टर बदलला. प्लग नवे घातले. कार्बोरेटर तीनदा उघडून फुंकला. दोन्ही सिलिंडरचं प्रेशर मोजलं, ते या वयातही ठणठणीत. पाण्यातला पंखा उतरवून बघितला, त्याचं रबर घट्ट. सगळं शाबूत आणि जोर मात्र नाही. इंजिनापुढे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हात टेकले.

एकच जागा त्यानं बघितली नव्हती. वरच्या जड चाकाखालची. तिथली ठिणगीची कॉइल पंधरा दिवसांपूर्वी धाकट्यानं बदलली होती, आणि वडिलांचा या वर्कशॉपातला कायदाच होता: एकानं आवळलेला नट दुसऱ्यानं उघडायचा नाही. संशय आला तर तोंडानं विचारायचं. म्हणून तर दोघांच्या खुणा वेगळ्या. थोरला नट आवळून झाला की पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, धाकटा बायकोच्या नेलपेंटचा लाल. त्यानं विचारलंही होतं. "कॉइल चोख बसवलीय, दादा," धाकटा म्हणाला होता. पुढे विचारायचं काय? सख्खा भाऊ.

भावजय चहा घेऊन आली. निकाल तिच्या कानावर आला होता, पण उगाच सांत्वन करणाऱ्यांतली ती नव्हती. ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. बोलता बोलता म्हणाली, यांना सांगा जरा, माझी नेलपेंटची बाटली संपवत आणलीय. गेल्या रविवारीही इथे घेऊन आले, सुट्टीच्या दिवशी कसले नट आवळायचे असतात कोण जाणे.

गेल्या रविवारी दादामिस्त्री अर्जाचा शेवटचा कागद द्यायला दवाखान्यात गेला होता. सोमवारपासून म्हातारीचा जोर गेला होता.

भावजय गेल्यावर त्यानं कप बाजूला ठेवला. चहावर साय धरली. मग उठून त्यानं पाना घेतला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा लाल ठिपक्याचा नट फिरवला. पुलर लावून चाक उपसलं. खाली एक लहानसा स्क्रू असतो. इंजिन पळवताना ठिणगी किती लवकर पडावी, ते तो ठरवतो. तो तीन फेरे आत दाबलेला होता. ठिणगी उशिरा, म्हणून जोर नाही. आणि स्क्रूच्या नटावर नवा, चकचकीत लाल ठिपका.

कुंपणच शेत खात होतं, आणि हा राखण करत कुंपणाशी बसला होता.

धाकटा आला तेव्हा चाक बाकावर पडलेलं होतं. ते बघून तो दारातच थांबला. मग आत येऊन रिकाम्या डब्यावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. नव्या होडीवाल्यानं त्याला ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं, पण काम त्या होडीला मिळालं तरच. महिनाभर घरात त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"नवी होडीही वेळेत येतेच की, दादा. माणसं काही मरणार नाहीत."

"मला सांगायचंस."

"सांगून सोडलं असतंस? पंधरा वर्षं आपली होडी, आपलं इंजिन ऐकतोय. चालवायला तू आणि दोर धरायला मी."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच दादामिस्त्रीला जास्त लागलं. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं रे, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. त्यानं दुसरंच विचारलं.

"ठिपका कशाला दिलास?"

धाकट्यानं मान खाली घातली. "ठिपका असला की तू उघडत नाहीस."

दादामिस्त्रीनं स्क्रू तीन फेरे बाहेर घेतला, चाक बसवलं, नट आवळला. बाईंकडे जाऊन सांगता आलं असतं, पण मग भावाचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यानं सहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती होडीत भरली आणि एकटाच पलीकडे गेला. येताना त्यानं घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात म्हातारीनं होडी पाण्यावर उचलली. दवाखान्याचं छप्पर भराभरा मोठं होत आलं, आणि त्याला समोरचं नीट दिसेना, म्हणून त्यानं बाहीनं डोळे पुसले.

धाकटा धक्क्यावर उभा होता. दोर घ्यायला सवयीनं त्याचा हात पुढे झाला.

"किती?" त्यानं विचारलं.

"दहा मिनिटं."

हात तसाच पुढे होता. दादामिस्त्री दोर घेऊन स्वतः धक्क्यावर चढला, खुंटापाशी गुडघ्यावर बसला आणि गाठ मारली. मग ती पुन्हा एकदा ओढून बघितली.