बर्गनच्या पावसात म्हशाची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते मित्रांनो, मी टोचते. ज्यांना मऊ मऊ लागतं त्यांनी दुकानातलं फुलाफुलांचं ब्लँकेट घ्यावं आणि जरा ओलं झालं की पिळत बसावं. मी आहे ती अशी आहे.

माझा जन्म घाटावरचा. काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, पिंजली, तिचं सूत काढलं आणि महिपत नावाच्या विणकराने मला मागावर विणलं. मग चिंचोक्यांची खळ लावून उन्हात ताणून ठेवलं. त्या खळीने अंगात जो ताठा आला तो आजतागायत गेलेला नाही. महिपतने मला खांद्यावर टाकून माळशेज घाट उतरवला आणि मुरबाडकडच्या म्हसा गावच्या, म्हणजे म्हशाच्या जत्रेत मांडलं. एकीकडे बैलांचा बाजार, एकीकडे आम्हा घोंगड्यांचा.

तिथे गोजराबाई आली. टोकावड्याजवळच्या गावात नवीच लग्न होऊन आलेली, पण नजर सासूची. तिने मला उलटी केली, सुलटी केली, कोपरा ओढून पाहिला.

"पानी झिरपेल का हिच्यातून?"

महिपतने माझे दोन कोपरे तिच्याच हातात दिले. मला खोलगट धरायला लावलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी माझ्या पोटात तळ्यासारखं उभं राहिलं. गोजराबाईने पैसे मोजले, मला काखेत मारलं आणि मागे न बघता चालू लागली.

त्या घरात मी काय काय केलं ते विचारू नका. भाताच्या लावणीला डोक्यावरून खोळ होऊन उभी राहिले. खळ्यावर राखणीला गेले. बाळंतिणीखाली अंथरली गेले, पाहुण्याला बसायला पसरली गेले. पण माझं खरं काम वेगळंच होतं. गोजराबाईची एक रीत होती. घरातल्या दोन माणसांचं बिनसलं की ती मला ओटीवर अंथरायची, दोघांना समोरासमोर बसवायची आणि मधे एकच ताट ठेवायची. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. एकदा तिच्या दोन सुना दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या. कोणी घास उचलेना. शेवटी भाकरी वाळून कौलासारखी झाली, तेव्हा धाकटी म्हणाली, "आता ही तूच तोड गो, माजे दात हालतात." आणि दोघी हसत सुटल्या. लोक लांबलेल्या कामाला भिजत घोंगडं म्हणतात. म्हणोत. माझ्यावर बसलेलं एकही भांडण भिजत पडलं नाही.

मग प्लास्टिकचे कागद आले, रेनकोट आले, ती फुलाफुलांची ब्लँकेटं आली. सुनांनी मला घडी घालून माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. मी कोणाला हाक मारली नाही. आपण होऊन कोणाच्या गळ्यात पडायचा माझा स्वभाव नाही.

एके दिवशी गोजराबाई स्वतः शिडीवर चढली. या वयात! खालून सगळे ओरडत होते. तिने मला खाली आणलं, अंगणात झटकलं आणि नातीच्या पुढ्यात टाकलं.

ही नात म्हणजे प्रियांका. वाशिंदला कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तिची जिवाभावाची मैत्रीण सरिता, वाशिंदचीच. शहापूरच्या कॉलेजात दोघींचा एक बाक आणि एक डबा. सुट्टीत सरिता आमच्याच घरी पडलेली असायची. ती माशांच्या आजारांचं शिकायला नॉर्वे देशातल्या बर्गन शहरात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. जाणार हे तिने प्रियांकाला सांगितलंच नाही. विमानतळावरून मेसेज केला. का, तर जाणं पक्कं होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, दृष्ट लागते, अशी तिच्या आईने शपथ घातली होती.

"म्हणजे माजी दृष्ट लागली असती," प्रियांका तेव्हा म्हणाली होती, आणि त्यानंतर दोघींत वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे शब्द नव्हता.

आता त्यांचा कॉलेजातला मित्र अक्षय, आटगावचा, स्वीडनमध्ये कामाला होता. त्याने मधे पडून ठरवलं, तिघांनी बर्गनला भेटायचं. प्रियांकाने रजा साठवली, व्हिसा काढला, मोठी सॅक घेतली. आमच्या घाटात रविवारी असे सॅकवाले येतात, त्यांना आम्ही हसायचो. आता आमच्याच घरात एक निघाली.

"आजी, तिकडं घोंगडी कोण नेतं? सॅकमदी जागा नाय."

"मग ती दुसरी पँट काढ. पाय दोनच हायत ना तुला?"

"लोक हसतील गो."

"हसू दे. रुसलेली तोंडं बघण्यापरीस बरं. सरिताला हिच्यावर बसव. येवढंच काम हाय. ते न करता आलीस तर मला तिकडचे फोटू दाखवू नको."

अशी मी विमानात बसले. बसले म्हणजे सॅकच्या तळाशी, बुटांच्या शेजारी. असो.

हॉस्टेलवर कपडे निघाले आणि मी वर आले. बर्गन शहर मी सॅकच्या तोंडातून पाहिलं आणि खरं बोलायला मला लाज नाही, मला आवडलं. बंदरावर लाकडी घरं, लाल, पिवळी, पांढरी, जत्रेत माणसं एकमेकांना टेकून उभी राहतात तशी टेकलेली. मागे लगेच डोंगर, आणि डोंगरावर ढग, अगदी आमच्या घाटासारखे. संध्याकाळ संपतच नव्हती. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर उजेड. तिघं भेटली, पाठीवर सॅक टाकून गल्ल्या फिरली, बंदराच्या कडेला पाय सोडून बसली. मासळीबाजारात प्रियांका एका लालबुंद माशापुढे उभीच राहिली.

"मुरबाडच्या बाजारातली सुकट आठवली काय गो?" अक्षय म्हणाला. "भाव करू नको, इथं चालत नाय."

"मी नुसती बघते."

"नुसती बघूनच घासाघीस करते ही. तो दुकानवाला घाबरला बघ."

तिघं हसली. पण दोघी मैत्रिणी वेगवेगळ्या हसल्या, हे माझ्यासारखीला कळतं. सरिता प्रियांकाला विचारायची, "तुला चहात साखर चालेल ना?" अहो, जिने कॉलेजभर हिच्या डब्यातली चटणी बोट घालून खाल्ली, ती साखरेचं विचारते? आणि ही म्हणायची, "हो, थँक्यू." रोज हेच. भरपूर फोटो, गोड बोलणं, आणि रात्री ही हॉस्टेलच्या खाटेवर, ती आपल्या खोलीवर. प्रियांका सॅक उघडायची, माझ्यावर हात ठेवायची आणि पुन्हा बंद करायची. मी आत धुमसत होते.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हा तिघं डोंगरावर गेली. वर जायला रुळांवरची छोटी गाडी आहे. वर शेळ्या मोकळ्या चरत होत्या आणि खाली सगळं शहर पाण्यात हात घालून बसलेलं. तिथून पुढे रानातल्या वाटेने ती चालत गेली आणि पावसाने गाठलं. तिथला पाऊस आडवा येतो. अक्षयची छत्री उलटी झाली. प्रियांकाचा पातळ रेनकोट खांद्यावर फाटला. ती क्षणभर थांबली, मग सॅक खाली ठेवून तिने मला ओढून काढलं.

सरिता बघतच राहिली. "आजीची?"

"हं."

"मला बसवायला दिली ना?"

 एका आडव्या पडलेल्या खोडावर प्रियांकाने माझी अर्धी बाजू अंथरली, अर्धी डोक्यावर घेतली आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. सरिता येऊन बसली. घरची रीत तिला माहीत होती.

"आणि मी?" अक्षय म्हणाला.

"तू छत्री सरळ कर," दोघी एकदम म्हणाल्या.

पाऊस माझ्या पाठीवर वाजत होता. आत एक थेंब नव्हता. प्रियांकाने घरून आणलेल्या डबीतली जवळ्याची चटणी काढली, झाकणात ओतली आणि पाव मधे ठेवला.

"माजी नजर लागली असती काय गो तुला?"

"आईनं देवापुढं शपथ घातलेली."

"आईचं राहू दे. तुला काय वाटलेलं?"

सरिता खोडावर चुळबुळली. मी जरा जास्तच टोचले, नाही म्हणत नाही.

"वाटलेलं," ती म्हणाली. "नजरेचं नाय. तुलापन बाहेर जायचं होतं. तुजं राहिलं, माजं झालं. तुजं तोंड बघून माजाच पाय निघाला नसता. म्हणून आईच्या शपथेमागं लपले."

प्रियांकाने पावाचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "वाईट वाटलंच असतं मला. रडले असते. आन् रडून झाल्यावर तुजी बॅग मीच भरली असती."

सरिता रडायला लागली. प्रियांकाने तो तुकडा चटणीत बुडवून तिच्या तोंडात कोंबला. चटणी तिखट होती, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळेना.

"झालं का?" पावसातून अक्षय ओरडला. "माज्या बुटात मासे फिरायला लागले!"

"झाकण रिकामं झाल्यावर," सरिता नाक पुसत म्हणाली.

हॉस्टेल सुटलं. उरलेले दिवस प्रियांका सरिताच्या खोलीवर राहिली. मला खिडकीशी वाळत घातलं, खोलीभर ओल्या मेंढीचा वास सुटला पण त्यासाठी कोणी खिडकी उघडली नाही. माझा कुरतडलेला कोपरा सरिताने पाहिला. तिने तिथल्या मेंढीची पांढरी लोकर आणली आणि बोलत बोलत, चहा गार करत, तो कोपरा रफू केला. साखर कोणी विचारली नाही.

घरी आल्यावर गोजराबाईने फोटो मागितले नाहीत. आधी मला मागितलं. कडेकडेने बोटं फिरवत ती पांढऱ्या कोपऱ्यापाशी थांबली.

"टाका कोनाचा?"

"सरिताचा."

"वाकडा हाय." तिने कोपरा ओढला. पुन्हा जोर लावून ओढला. "पन सुटत नाय. आता दाव तुजे फोटू."

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण माळ्यावर पडली असेल. तिला खाली काढा. साबण लावू नका, उन्हात झटका, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा म्हणजे कसरीची कीड लागत नाही. आणि कोणाशी बिनसलं असेल तर तिला सोबत घेऊन जा, लांब असलं तरी. माझी जागा आता ओटीवर आहे. फक्त घडी घालताना पांढरा कोपरा वर राहू द्यावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय गोजराबाईला चहा गोड लागत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो मिरवायला आवडतो.