पोटरीला न लागलेलं तेल

मी टोरीच्या तेलाची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका, माझा वास उग्र आहे हे मला ठाऊक आहे. गोंदियाजवळच्या आमच्या कामठा गावात मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, वाळवून घाण्यावर पिळतात आणि ते तेल माझ्यात भरतात. कंबर धरो की पाय मुरगळो, रुख्माबाई आधी मलाच शोधते. तिच्या घरात माझा मान मोठा.

तिचा नवरा केवळराम शुगरचा पेशंट. ताप आला, जेवण जाईना, तेव्हा तो म्हणाला, "जेवतच नाही, तं सुई कायले?" त्याने इन्सुलिन बंद केलं. मग तहान भागेना. घागर रिकामी होई आणि हा सारखा लघवीला उठे. अशात एका सकाळी डावी पोटरी सुजली, लाल झाली, तापली.

"चिखलात लचकला असन," म्हणत रुख्माबाईने मला ऊन पाण्यात धरलं. तळहात पुढे केला, मी तिरपी झाले, तेवढ्यात फुलचूरहून आलेली लेक अल्का धावली. ती फोनवर दवाखान्यातल्या नर्सबाईंशी बोलत होती.

"माय, चोळू नोको! सिस्टर म्हणून राहिली, रक्ताची गाठ असन. चोळली तं सुटून फुफ्फुसात जाईन."

"तुह्या बापाले दुखून राहिलं, अन् मी पाहत बसू?"

"बसू नोको. ऑटो बोलाव!"

अल्काने मला हिसकावलं. अर्धं तेल जमिनीवर सांडलं. रुख्माबाई रडली, आणि मलाही राग आला. जन्मभर दुखणी चोळली, आज मला कोनाड्यात कोंबता!

गोंदियाच्या दवाखान्यात शुगर पाचशेच्या वर निघाली. अंगातलं पाणी आटून रक्त दाट झालं होतं आणि पोटरीच्या शिरेत गाठ धरली होती. केवळराम वाचला. आजारपणात सुई आपल्या मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी त्याला बजावलं. आता रुख्माबाई बजावते, दुप्पट आवाजात.

परवा शेजारचा रामलाल आला. त्याची बायको शामकला, तिलाही शुगर. "वहिनी, तेलाची बाटली दे. शामकलाची पोटरी दुखून राहिली."

रुख्माबाईने मला पदराआड घेतलं. "एकच पाय सुजला का? गरम लागते?"

"हो."

"मंग तेल नाही भेटत. ऑटो बोलाव. मी येतो संग."

लोकहो, पाठ धरली तर खुशाल या, मी आहेच. पण शुगरवाल्याचा एकच पाय अचानक सुजला, तर मला हात लावू नका, दवाखाना गाठा. त्या दिवशी रामलाल रिकाम्या हाताने परतला आणि शामकला ऑटोत बसली. कोनाड्यात बसून मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू!