मशीन थांबलं की

कुत्रं घरात आलं ते बाळाच्या चार वर्षं आधी, आणि खरं सांगायचं तर त्याला कुणी आणलंच नव्हतं. एक दिवस दार उघडं होतं, ते आत आलं, आईच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांचा ढीग होता त्यावर ऐसपैस बसलं आणि मान वर करून आईकडे असं बघायला लागलं, जणू कामावर देखरेख करायला त्यालाच नेमलंय. बाबांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम. आईने कापड तिरकं कापलं की आधी मुकादम उसासा टाकतो आणि मग गिऱ्हाईक, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग आठ महिन्यांपूर्वी बाळ झालं आणि मुकादमाची मुकादमी गेली.

तो बाळाकडे बघून गुरगुरायला लागला. आधी लांबून, मग जवळून, आणि बाळ रांगायला लागल्यावर तर दात विचकून. एका मंगळवारी बाळाने त्याच्या शेपटीच्या दिशेने दोन गुडघे पुढे टाकले आणि मुकादमाने असा काही आवाज काढला, की आईच्या हातातली कात्री गळून पडली. त्याच संध्याकाळी तिने मामाला फोन लावला. शहराबाहेर मामाची लाकडाची वखार होती आणि राखणीला कुत्रं त्याला हवंच होतं. टेम्पो दुरुस्तीला टाकलाय, तीन आठवड्यांनी रविवारी येऊन घेऊन जातो, म्हणाला.

बाळ झाल्यापासून घरात सगळे जिला थोरली म्हणत, तिला हे जेवताना कळलं. ती तेरा वर्षांची होती आणि भांडणात आजवर कुणाला हार गेली नव्हती. तिने ताट सरकवलं, मुकादम हाही घरातलाच आहे असं तावातावाने भाषण ठोकलं आणि आई आता चिडेल म्हणून वाट बघत बसली. आई चिडली नाही. तेच वाईट होतं.

"मला दोघंही हवेत गं," आई म्हणाली. "पण एकाला दात आहेत आणि दुसऱ्याला अजून यायचेत."

थोरलीने दुसऱ्या दिवशी मुकादमाला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तपासून कुत्रा ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि एक गोष्ट बजावली, की गुरगुरला म्हणून त्याला कधी दरडावायचं नाही. ती त्याची भाषा आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. नेमका कधी गुरगुरतो ते बघा, म्हणाल्या. आणि काही झालं तरी बाळाला आणि त्याला दोघांनाच सोडू नका.

थोरली बघत राहिली. दोन दिवस काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा बाळाला लस टोचायला घेऊन गेले आणि आई निवांत शिवायला बसली. मशीनचा खडखडाट चालू होता आणि मुकादम चिंध्यांवर चारी पाय वर करून पडला होता. तेवढ्यात दोरा तुटला. मशीन थांबलं. आई सुईत दोरा ओवायला वाकली, आणि मुकादम ताडकन उठला. शेपूट पायांत घालून तो गॅलरीच्या दाराशी गेला, आणि तिथून पाळण्याकडे बघून गुरगुरला.

पाळण्यात कुणीच नव्हतं. नुसती दुपटी होती.

थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाळ झोपलं की आई मशीनवर बसायची. मग मुकादमाची चंगळ. आई पायाने त्याची पाठ खाजवायची, थोरली त्याला मिठी मारून लाडाने बोलायची, बाबा हळूच बिस्किट द्यायचे, कारण त्याच्याकडे बघायला आता वेळ होत नाही याचं तिघांनाही मनातून वाईट वाटायचं. मग बाळ उठायचं, मशीन थांबायचं आणि सगळ्यात आधी व्हायचं काय, तर "मुकादम, बाहेर", आणि मागून गॅलरीची कडी. दिवसातून पाचपाच वेळा, आठ महिने. कुणी दुष्टपणा केला नव्हता. सगळ्यांनी मायाच केली होती, फक्त भलत्या वेळी.

"तो बाळावर नाही गुरगुरत," थोरली म्हणाली. "मशीन थांबलं की गुरगुरतो. आता आपल्याला कडी लागणार म्हणून."

"मग मी काय जन्मभर पायडलच मारत बसू?" आई म्हणाली, पण सुई तशीच हातात ठेवून तिने त्या रिकाम्या पाळण्याकडे बघितलं. "म्हणजे आठ महिन्यांची शिलाई उसवायची म्हण की. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, सांगून ठेवते."

त्या दिवसापासून सगळं उलटं. बाळ झोपलं की मुकादमाकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मशीन थांबलं की त्याच्या वाडग्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बाळ उठलं की खोलीच्या एका टोकाला ते बाबांच्या मांडीवर, दुसऱ्या टोकाला मुकादम, पट्टा थोरलीच्या हातात. बाळ खिदळलं, की अंडं. बाळाला आत नेलं, की अंडं बंद. गॅलरीची कडी तर बाबांनी काढूनच टाकली. मध्ये आईने कापडावर खुणा करायच्या खडूने जमिनीवर रेघ ओढली. बाळाने ती ओलांडायची नाही, आणि ते काही ऐकण्यातलं नसल्यामुळे सीमेवर बाबांची नेमणूक झाली.

सगळ्यात जड गेलं ते थोरलीला. बाळ झोपलेलं असताना मुकादम येऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकायचा आणि ती पुस्तकातली एकच ओळ अकरा वेळा वाचायची.

दुसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा बाबांनी सवयीने "मुकादम, बाहेर" म्हणून त्याला गॅलरीत लोटलं. झालं, दोन दिवसांची मेहनत पाण्यात. थोरली बाबांशी संध्याकाळभर बोलली नाही. शेवटी बाबांनी मुकादमाची रीतसर माफी मागितली, अंड्यासकट. तिसऱ्या आठवड्यात मशीन थांबलं की मुकादम उठून आधी पाळण्याकडे बघायला लागला, मग वाडग्याकडे, आणि त्याची शेपूट हलायची.

रविवारी मामा आला. सोबत जाड दोर होता. थोरलीने त्याला तीन आठवड्यांचा पाढा वाचून दाखवला, आईने चहा ठेवला, बाबा कप आणायला उठले, आणि त्या गडबडीत रेघेवर कुणीच उरलं नाही. बाळ सरळ पलीकडे गेलं आणि त्याने मुकादमाचा कान मुठीत धरला.

मुकादम गुरगुरला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

थोरलीच्या तोंडात त्याचं नाव आलं होतं, ते तिने गिळलं. मुकादमाने मान फिरवून कान सोडवला, उठला, बाळाला वळसा घालून आईकडे गेला आणि तिच्या पायाला चिकटून उभा राहिला. थरथरत होता. आईने झेप घेऊन आधी बाळाला उचललं.

"बघितलंस?" मामा दोर उलगडत म्हणाला. "अजून तेच आहे."

आईने बाळाचे हात उलटेसुलटे करून पाहिले, बोट न् बोट. मग खाली पायाशी बघितलं. थोरलीला वाटलं, आता संपलं.

"तेच नाही, दादा," आई म्हणाली. "तो बोलला, आणि बोलून बाजूला झाला. चुकलं आपलं. रेघेवर कुणी नव्हतं."

मामाने तिला पुष्कळ समजावलं. मूल काय, कुत्रं काय, उद्या काही झालं तर रडत बसशील. आईने सगळं ऐकून घेतलं, भीती मलाही वाटते म्हणाली, आणि दोर त्याच्या हातातून घेऊन गुंडाळून परत दिला. मामा पुटपुटत का होईना, चहा पिऊन गेला.

टेम्पोचा आवाज लांब गेल्यावर आई स्वतः जमिनीवर बसली, बरोबर खडूच्या रेघेवर. दोन महिन्यांत हे कार्टं चालायला लागेल, मग रेघेचा काही उपयोग नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, असं ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलली. मग तिने बाळाला अलीकडे खाली ठेवलं.

"पट्टा धर," ती थोरलीला म्हणाली. "आणि अंडं आण."