कुरणाकडे पाठ

जेबेझ थर्लो कुरणाचं चित्र काढायला बसला की कुरणाकडे पाठ करून बसायचा. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या खेडुतांना हसू यायचं, पण त्या काळी भलेभले चित्रकार असेच बसत. हातात एक छोटा, काळसर, फुगीर आरसा धरायचा आणि त्यात मागचं रान बघून रंगवायचं. आरशात सगळं मंद, तपकिरी, जुन्या उस्तादांच्या चित्रासारखं दिसे. लोकांना तेच आवडतं, असं जेबेझ छातीठोकपणे सांगे. त्याची स्वतःची चित्रं मात्र लंडनच्या प्रदर्शनातून परत येत होती.

आता शेवटची आशा सर लायोनेल यांच्या हवेलीतली. म्हाताऱ्यानं आपल्या कुरणाचं चित्र मागवलं होतं. तेही नापसंत झालं, तर जेबेझनं मामाच्या दुकानात बसून दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवायच्या, असं घरी ठरलं होतं. मामानं त्याच्यासाठी स्टूलसुद्धा बनवून ठेवलं होतं. त्या स्टुलाची गोष्ट गावभर झाली होती.

"अरे, रान इकडं आहे," मेंढ्या राखणारी डॉर्कस म्हणाली. "उद्या मुलगी बघायला गेलास तर तिच्याकडंही पाठच करशील का?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, डॉर्कसबाई."

"मला नाहीच कळत. आमच्या मेंढ्यालाही कळत नाही. त्याच्याकडं तेवढी पाठ करू नकोस."

जेबेझनं ऐकलं नाही. मेंढ्यानं लांबून धाव घेतली आणि दुसऱ्या क्षणी चित्रकार गवतात पालथा, त्याच्या बसायच्या स्टुलाचा पाय मोडलेला, आरशाचे दगडावर तुकडे. डॉर्कस हसली नाही. शालीचं टोक तोंडात कोंबून तिनं त्याला हात दिला.

जेबेझला रडू फुटायचं बाकी होतं. नवा आरसा लंडनहून येईपर्यंत चित्राची मुदत टळणार. मोडक्या स्टुलाला दगड लावून तो पुन्हा बसला, पण या वेळी कुंपणाला पाठ टेकून. मेंढ्यावर नजर तर ठेवायला हवी.

आणि मग त्याला कुरण दिसलं. ओढ्याकाठचं गवत काळपट हिरवं, उतारावरचं पिवळं, ढगाची सावली सरकली की सगळंच निराळं. इतकी वर्षं आपण काय बघत होतो, याची त्याला लाज वाटली आणि आनंदही झाला. तपकिरी रंग भरलेली पिशवी त्यानं उघडलीच नाही.

संधिवातानं खुर्चीला खिळलेले सर लायोनेल चित्राकडे बघत राहिले.

"तपकिरी कुठाय?"

"लागला नाही, साहेब."

"मला पुढं सरकव." नोकरानं खुर्ची ढकलली. म्हाताऱ्यानं चित्रातल्या मेंढ्यावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"डॉर्कसबाईंचा."

"लहानपणी याच्याच कुणा पूर्वजानं मला ओढ्यात पाडलं होतं. इथंच." बोट बराच वेळ तिथंच राहिलं. "पलंगासमोर लावा हे. आणि पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडचं काढ. तिकडं मला आता कुणी नेत नाही."

जेबेझ कुरणातूनच घरी निघाला. डॉर्कसनं सगळं ऐकून घेतलं.

"मग मामाच्या त्या स्टुलाचं काय?"

"ते आणतोय ना इथं. माझं तुमच्या मेंढ्यानं मोडलंय."