नऊ वेळा उघडली

"मायरन, तुझा प्रोग्रॅम थापा मारतो," जोलीन फ्लेट फोनवर म्हणाली. "फाइल उघडत नाही ती नाहीच, आणि वर खुशाल लिहितो, उघडली."

मायरन ह्नात्युक हसला. सव्वीस वर्षं तो गावातल्या दुकानांचे, दवाखान्याचे नि ट्रक कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळत आला होता. प्रोग्रॅमला शिव्या घालणारी माणसं त्याच्या रोजच्या जेवणातलं मीठ झाली होती. बाहेर उणे चौतीस होतं. त्याने गाडी गरम ठेवणारी वायर भिंतीतून उपटली, टोपी कानांवर ओढली आणि तळ्याकाठच्या ऑफिसात गेला.

तळं गोठलं की त्याच्यावरून रस्ता जातो. उत्तरेकडच्या वस्त्यांचं वर्षभराचं डिझेल, पीठ, लाकूड, सगळं त्या दहा आठवड्यांत नेऊन टाकायचं. ते ट्रक सोडायचं काम या हिवाळ्यापासून जोलीनकडे होतं. पोरगी चोवीस वर्षांची, पण आवाज असा की पन्नाशीचे ड्रायव्हर गपगुमान ऐकायचे. टेबलावर एका हाताला रेडिओ, दुसऱ्या हाताला कॉम्प्युटर, मध्ये थंड झालेला चहा.

"हे बघ," ती म्हणाली. मायरनच्या प्रोग्रॅममध्ये दोन बटणं होती. एक हवामानाचं. ते दाबलं की इंटरनेटवरचं सरकारी पान समोर यायचं. दुसरं बर्फाचं. ते दाबलं की बर्फ मोजणाऱ्या माणसांनी रोज पहाटे पाठवलेली फाइल उघडायची. जोलीनने पहिलं दाबलं. पान आलं, आकाश निरभ्र. दुसरं दाबलं. काही नाही. खाली मात्र बारीक अक्षरांत ओळ उमटली: ७:५२, फाइल उघडली.

"अगं, फाइल दाखवणारा प्रोग्रॅम अडकलाय," मायरन म्हणाला. "मागे कुठेतरी अर्धमेला पडलाय. कॉम्प्युटर बंद करून चालू केलास की ताळ्यावर येईल."

"ते येईल रे. पण उघडली का म्हणतो?"

"कारण माझा प्रोग्रॅम स्वतः काही उघडत नाही. तो फाइल विंडोजच्या हातात देतो, म्हणतो, घे, उघड ही. विंडोज म्हणतं, बरं. की याने लिहिलं, उघडली."

"म्हणजे समोर दिसली की नाही, ते कोणी बघतच नाही."

"नाही."

"भलतंच आहे तुझं." जोलीनने त्याच्याकडे बघून मान हलवली. "मी आपली दाबतेय, दाबतेय."

"किती वेळा दाबलंस?"

"किती म्हणजे? सात-आठ वेळा असेल. दिसेना म्हटल्यावर माणूस दाबतच राहणार ना."

मायरनचं हसू तिथेच मेलं. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फाइल मुकाट उघडली, जोलीनने ट्रकला निघायला सांगितलं, आणि तो चहा न घेता बाहेर पडला.

अकरा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत व्हर्ना फ्लेट बसायची. जोलीनची आत्या. एकोणीस वर्षं तिने ट्रक सोडले, एकाचंही चाक ओलं झालं नाही. मग मार्चच्या एका सकाळी तिने डिझेलचा टँकर सोडला. टँकरवर तिचा धाकटा भाऊ होता, एल्डन. तळं जिथे अरुंद होतं त्या जागेला सगळे नुसतं गळा म्हणतात. तिथे खालून प्रवाह वाहतो. भरल्या टँकरला तीस इंच तरी बर्फ लागतो, आणि त्या दिवशी गळ्यापाशी एकोणीस होता. तसं त्या सकाळच्या फाइलमध्ये, अहवालात, स्वच्छ लिहिलं होतं. एल्डन तीन दिवसांनी सापडला. त्याची पोरगी जोलीन तेव्हा तेरा वर्षांची होती.

व्हर्ना म्हणत होती, फाइल उघडलीच नाही. हवामानाचं पान उघडलं, आकाश चांगलं होतं, म्हणून कालचाच अहवाल धरला. पण चौकशीवाल्यांनी मायरनच्या याच प्रोग्रॅममधल्या ओळी काढल्या. सहा एकेचाळीसपासून सहा त्रेपन्नपर्यंत: फाइल उघडली, फाइल उघडली, फाइल उघडली. नऊ ओळी. नऊ वेळा बाईने अहवाल उघडून बघितला, एकोणीसचा आकडा नऊ वेळा वाचला आणि तरी सख्ख्या भावाला बर्फावर धाडला. गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. शाळेतली पोरं तिला नऊवाली म्हणायला लागली. एल्डनच्या बायकोने पोरीला घेऊन तोंड फिरवलं ते फिरवलंच. पहिल्या वर्षी व्हर्ना प्रत्येकाला थांबवून सांगायची, नंतर सांगायची बंद झाली.

आणि मायरन? चौकशीवाल्याने त्याला फोन केला होता. दुपारची वेळ, मायरन उभ्या उभ्या सँडविच खात होता. "उघडली लिहिलंय, म्हणजे तिने बघितलीच असणार ना?" मायरन म्हणाला, "हो. उघडली म्हणजे उघडली." एवढंच. तोंडातला घास गिळून तो पुढच्या कामाला लागला.

घरी येऊन त्याने जुना कोड बाहेर काढला. बटणाचा तुकडा शोधायला अर्धं मिनिट लागलं. बारा ओळी, त्याच्याच हाताच्या. फाइल विंडोजकडे द्यायची, उत्तर आलं की नोंद करायची. आणि त्या दोहोंच्या मध्ये, प्रोग्रॅमर स्वतःसाठी लिहून ठेवतात तशी एक टीप: खरंच उघडली का ते बघायची सोय नंतर करणे. तारीख अपघाताच्या आदल्या वर्षीची.

माहीत होतं की त्याला. सँडविच हातात होतं तेव्हाही माहीत होतं, फक्त आठवायचे कष्ट घेतले नव्हते.

त्या दुपारपासून त्याच्या मागे ते लागलं. आता यावर हसायचं त्याने हसावं. मायरन काही भुताखेतांतला माणूस नव्हता. पण तो स्वयंपाकघरात सूप गरम करायला उभा राहिला की पलीकडच्या खोलीतून माऊसचं बटण दाबल्याचा आवाज यायचा. टिक. थोडं थांबून, टिक. मग घाईघाईने, टिक टिक. जाऊन बघावं तर स्क्रीन काळी, माऊस जागच्या जागी. बाहेरच्या खोलीत बसलं की तोच आवाज स्वयंपाकघरातून. तो मोजत नव्हता, आपोआप मोजलं जायचं. नऊ झाले की थांबायचे, आणि मग जी शांतता पडायची ती आवाजापेक्षा वाईट होती. त्या शांततेत कोणीतरी रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलेलं असायचं, आणि घड्याळात सात वाजायला आलेले असायचे.

सुटका सोपी होती, हेच तर वाईट. "उघडली" हा शब्द काढून "उघडायला दिली" लिहायचं, नवा प्रोग्रॅम जोलीनला द्यायचा, आभार घ्यायचे. त्याने तसं केलंही. शब्द बदलला, टीप पुसली, फाइल जपून ठेवली. आणि पलीकडच्या खोलीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुसलेली टीप पुन्हा लिहिली, कोडचा कागद छापून घेतला आणि ऑफिसात जाऊन जोलीनपुढे ठेवला. उभ्यानेच सगळं सांगितलं. सँडविचसुद्धा सांगितलं.

जोलीनने कागद वाचला. मग कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी काढल्या. तारीख शोधावी लागली नाही, तिची बोटं थेट तिथेच गेली. ते पान तिने किती वेळा बघितलं असेल, देव जाणे.

"नऊ," ती म्हणाली. "मी परवा आठ वेळा दाबलं."

"हो."

"दिसलेली फाइल कोण नऊ वेळा उघडतं, मायरन?"

तिने नोंदींचं पान मिटलं.

"मी शाळेत तिच्या अंगावर थुंकले होते," जोलीन म्हणाली. "ती डबा घेऊन आली होती माझ्यासाठी. सगळ्यांसमोर." रेडिओवर कोणीतरी चाळिसाव्या किलोमीटरवरून हाक दिली. तिने उत्तर दिलं, आवाजात फरक न पडता. मग म्हणाली, "माझे चार ट्रक बर्फावर आहेत, मला उठता येत नाही. तू जा. आत्याला घेऊन ये."

व्हर्नाचं घर पाण्याच्या टाकीमागे. तिने दार उघडलं, मायरनला बघून आश्चर्य दाखवलं नाही, बूट काढायला सांगितलं. चुलीवर तव्यात बॅनकची जाड रोटी भाजत होती. साठी उलटली होती तिची, पण ती त्याहून मोठी दिसायची. मायरनने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

व्हर्नाने बॅनक उलटवलं. "नाही रे," ती शांतपणे म्हणाली. "मी बघितली होती ती."

"व्हर्ना, नव्हती बघितलीस. तूच सांगत होतीस सगळ्यांना."

"आधी सांगत होते. मग आठवलं. डोळे मिटले की दिसतं मला ते पान. गळा, एकोणीस इंच, खाली लाल रेघ. अकरा वर्षं रोज दिसतंय, आणि तू मला शिकवतोस, बघितलं नाही म्हणून?"

"लाल रेघ?" मायरनने विचारलं.

"आकड्याखाली. जाडजूड."

"अगं, फाइलमध्ये रेघ नाही," तो म्हणाला. "फाइल माझ्याकडे आहे, सगळी काळी अक्षरं. ती रेघ चौकशीवाल्याने मारली, लाल पेनाने, कागदावर. तुझ्यापुढे टाकला होता ना, तो कागद. तुला तो कागद दिसतो, व्हर्ना. त्या सकाळी तुला काहीच दिसलं नव्हतं."

व्हर्ना खुर्चीवर बसली. तव्यातून धूर यायला लागला, तरी ती उठली नाही. मायरनने तवा उतरवला.

"मी दाबत होते," ती म्हणाली. "दाबत होते आणि ते येत नव्हतं. एल्डन बाहेर इंजिन चालू करून उभा होता. मला वाटलं, आज पाठवलाच नसेल त्यांनी." तिने हाताच्या पंजाने, लहान मूल पुसतं तसे डोळे पुसले. "फोन करून विचारायला हवं होतं मी. ते माझंच. ते तू घेऊ नकोस."

"नाही घेत. माझं आहे तेवढं घेतो."

"जोलीनला सांगितलंस?"

"आधी तिलाच. तिने पाठवलंय मला. म्हणाली, आत्याला घेऊन ये."

"'आत्या' म्हणाली ती?"

"हो."

व्हर्ना उठली आणि कोट घालायला लागली. बटणं लागेनात, मायरनने लावून दिली.

ऑफिसात शिरताना ती दारातच थबकली. जोलीन खुर्चीतून उठून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जोलीनने पुढे होऊन आत्याची टोपी काढली, तिचे पांढरे झालेले केस नीट केले, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मायरन भिंतीवरचा, बर्फावर गेलेल्या ट्रकचा फळा वाचत राहिला. चार नंबर होते त्यावर.

"मायरन," व्हर्ना म्हणाली, "मला आणि पोरीला सांगून भागायचं नाही. माझं नाव गेलं ते अख्ख्या रस्त्यावर गेलं. ट्रकमध्ये ऐकतात, घरोघरी चुलीपाशी ऐकतात. तिथेच सांग."

तिने रेडिओकडे बोट केलं. मायरन खुर्चीत बसला, माइकचं बटण दाबलं आणि नाव सांगून बोलायला लागला. फाइल उघडली नव्हती. माझ्या प्रोग्रॅमने खोटं लिहिलं, मला ते ठाऊक होतं, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. व्हर्ना फ्लेटने काहीही बघितलं नव्हतं. त्याने बटण सोडलं.

रेडिओत नुसती खरखर. मायरनला वाटलं, कोणी ऐकलंच नाही. मग एक आवाज आला. "बाराव्या किलोमीटरवर. ऐकलं." मग दुसरा, म्हाताऱ्या राउलचा. "एकतिसाव्यावर. ऐकलं, व्हर्ना. फार उशीर झाला आम्हांला." तिसरा. थोड्या वेळाने चौथा, तो काही तरी पुटपुटला आणि नाक ओढून गप्प झाला. जोलीन प्रत्येकासमोर फळ्यावर खूण करत होती. चार खुणा झाल्या.

मग रेडिओची खरखर पुन्हा थांबली. कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. बोलत नव्हतं. मागे जड इंजिन मंद गतीवर चालत असल्याची घरघर, आणि त्याच्याही मागे, खूप खालून, पाणी वाहावं तसा आवाज.

"कोण आहे?" जोलीनने विचारलं. उत्तर नाही. तिने फळ्याकडे बघितलं, पाचवा ट्रक बर्फावर नव्हताच, मग मायरनकडे.

व्हर्ना पुढे आली. मायरनला तिने खांद्याला धरून खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. माइक तोंडाजवळ घेतला आणि एकोणीस वर्षं ज्या आवाजात ट्रक सोडले त्याच आवाजात बोलली.

"ऐकू येतंय. रस्ता मोकळा आहे. सावकाश ये."